रोख्यांत न लिहिलेले दाम

१२ मे १८७५ हा पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवच्या बाजाराचा दिवस. भीमथडी तालुक्यांतील हें गांव व्यापारी व सावकार यांच्या वस्तीमुळें आसमंतांत प्रसिद्ध होतें. त्या दिवशीं आसपासच्या खेड्यांतून आलेले शेतकरी एकत्र जमले आणि त्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल केली. धान्याचीं दुकानें लुटलीं गेलीं, कांहीं घरांस आगी लागल्या. परंतु जमावाचें लक्ष मुख्यतः एकाच गोष्टीवर खिळलेलें होतें. ती गोष्ट म्हणजे सावकाराचें दप्तर. खातेवह्या आणि कर्जरोखे बाहेर ओढून त्यांची होळी करण्यांत आली.

सुप्याचा वणवा पाहतां पाहतां पुणें व अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरला. सरकारनें फौज पाठविली, धरपकड केली, आणि पुढें चौकशीसाठीं एक कमिशन नेमलें. या कमिशनच्या नजरेंत एक गोष्ट ठळकपणें भरली. दंगेखोरांनीं माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार फारच थोडे झाले होते. जेथें सावकारानें रोखे मुकाट्यानें हवालीं केले, तेथें त्याच्या अंगाला बहुधा कोणीं हात लावला नव्हता. शेतकऱ्यांना हवे होते ते कागद. अक्षरशत्रु असलेल्या माणसांनीं, स्वतःला वाचतांही न येणाऱ्या कागदांसाठीं एवढें साहस करावें, याचें कारण काय? त्या कागदांत असें काय होतें? किंबहुना, त्यांत काय लिहिलेलें नव्हतें?

या प्रश्नाचें उत्तर मिळण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. सावकार दक्षिणेंत नवा नव्हता. पेशवाईंतही शेतकरी कर्ज काढीत होता, आणि व्याजाचा दर तेव्हांही हलका नव्हता. परंतु त्या व्यवहाराला दोन बंधनें होतीं. एक बंधन गांवच्या लोकमताचें. कर्ज बुडालें तर तें वसूल करून देणारी यंत्रणा सावकाराच्या हातीं पुरती नव्हती; त्यामुळें कुळाशीं जुळवून घेण्यांतच त्याचें हित असे. दुसरें बंधन दामदुपटीचें. एका वेळीं घ्यावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये, म्हणजे शंभर दिले असतील तर व्याजासह दोनशेंच्या वर मागूं नये, हा हिंदु धर्मशास्त्रांतील नियम मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनींही मानलेला होता.

इंग्रजी अमलांत दोन कायदे असे झाले कीं, त्यांनीं या जुन्या तराजूची दांडी एका बाजूला झुकविली. १८५५ सालीं व्याजाच्या दरावर मर्यादा घालणारे कायदे रद्द झाले. उभय पक्षांनीं जो दर कागदावर मान्य केला असेल, तोच न्यायालयानें द्यावा, असें ठरलें. त्यानंतर १८५९ सालीं मुदतीचा कायदा आला. नोंदणी न झालेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आंत दावा लावला नाहीं, तर तो बाद व्हावा, असें त्यांत ठरलें. कायदा करणारांचा हेतु चांगला होता. जुनीं कर्जें सांचत राहूं नयेत आणि कुळाला लवकर मोकळीक मिळावी, असें त्यांना वाटत होतें. प्रत्यक्षांत उलटें घडलें. दर तीन वर्षांनीं सावकार कुळाला बोलावूं लागला आणि जुना रोखा फाडून नवा लिहून घेऊं लागला. जुनें मुद्दल आणि तीन वर्षांचें थकलेलें व्याज मिळून नव्या रोख्याचें मुद्दल होई, आणि या नव्या मुद्दलावर पुन्हां व्याज चालूं होई. दामदुपटीचा नियम कायम होता. पण ज्याची दुप्पट मोजावयाची, तें मुद्दलच दर तीन वर्षांनीं फुगत होतें.

याच सुमारास अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. १८६१ ते १८६५ या काळांत तेथील कापूस विलायतेंत येईनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचा पैसा पेढ्यांवरून गांवच्या सावकाराकडे आणि सावकाराकडून शेतकऱ्याकडे वाहूं लागला. युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि पैशाचा ओघ आटला. तशांत जमाबंदीची फेरतपासणी होऊन साऱ्याचे दर चढले. सारा रोखीनें आणि ठरल्या हप्त्याला भरणें भाग होतें. पीक हातीं येण्यापूर्वीं रोकड हवी असणारा माणूस अटींची घासाघीस करूं शकत नाहीं. सावकाराच्या ओसरीवर बसलेल्या कुळाची स्थिति नेमकी अशी होती.

आतां त्या ओसरीवर काय घडे तें पाहूं गेल्यास रोख्यांतील दडलेले दाम एकामागून एक बाहेर येतात. पहिली कपात मनोतीची. कर्ज देण्यास राजी झाल्याबद्दल सावकार जी रक्कम आधींच कापून घेई, तिला मनोती म्हणत. रोखा पुऱ्या रकमेचा लिहिला जाई, व्याज पुऱ्या रकमेवर चाले. हातांत मात्र कमी पैसे पडत. दुसरा खर्च मुद्रांकाच्या कागदाचा आणि लिहिणाराच्या लेखणावळीचा. तोही कुळाच्याच माथीं बसे. तिसरी कपात डोळ्यांना मुळींच दिसत नसे, कारण ती धान्याच्या भावांत होती. पेरणीच्या दिवसांत महाग भावानें दिलेलें धान्य रोकडीच्या रूपानें खात्यावर चढे. सुगीला तेंच कूळ धान्य घालण्यास आलें म्हणजे तें सर्वांत स्वस्त भावानें जमा होई. बियाण्यासाठीं घेतलेलें धान्य वाढीदिढीनें फेडावयाचें, ही चाल निराळीच. आणि सर्वांत मोठी कपात न लिहिलेल्या जमेची. शेतकरी धान्य, कडबा, तूप, कधीं रोख रुपये देऊन जाई; पावती मिळत नसे. वही सावकाराची, लेखणी सावकाराची, आणि आठवणही अखेर सावकाराचीच खरी ठरे.

या कपातींचा एकत्र परिणाम किती होतो, हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, शंभर रुपयांचा रोखा झाला, दर दरमहा दरशेंकडा दोन रुपये. मनोतीचे पांच आणि कागद-लेखणावळीचा एक कापून कुळाच्या हातीं ९४ रुपये आले. तीन वर्षें कांहींच फेड झाली नाहीं, तर व्याजाचे ७२ रुपये होऊन बाकी १७२ झाली. नवा रोखा करतांना पुन्हां मनोती व खर्च चढून तो १८० रुपयांचा झाला. आणखी तीन वर्षांनीं त्यावर सुमारें १३० रुपये व्याज होऊन मागणी ३१० च्या घरांत गेली. हातीं आलेले रुपये ९४. दामदुपटीच्या न्यायानें त्यांचे फार तर १८८ व्हावयाचे. उरलेले सव्वाशेंच्या आसपास रुपये व्याजाचा उघड दर न वाढवितां, केवळ कपात आणि नूतनीकरण या दोन वाटांनीं उभे राहिले. मधल्या काळांत घातलेलें धान्य जमेस धरलें गेलें नसेल, तर तें आणखी वेगळें.

हें उदाहरण कल्पित असलें, तरी वस्तुस्थिति याहून सौम्य नव्हती. कमिशनपुढें आलेल्या एका प्रकरणांत शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक रुपये व्याज आकारल्याचें आढळून आलें. शेतकऱ्यांनीं अर्जांमागून अर्ज करून सांगितलें कीं, ही रीत पूर्वीं नव्हती, हा रूढीचा भंग आहे. न्यायालयांत मात्र रूढीला विचारणारा कोणी नव्हता. तेथें रोखा हजर होई, त्यावरील सही किंवा निशाणी खरी ठरे, आणि हुकूमनामा होई. बहुसंख्य दाव्यांत प्रतिवादी हजरच नसे. तालुक्याच्या गांवीं जाण्याचा खर्च, वकिलाचा खर्च आणि आपलें म्हणणें शाबीत करण्यास हातीं एकही कागद नाहीं, अशा स्थितींत तो घरीं बसून राही. ज्याला आपल्या कर्जाचा हिशेब ठाऊक नाहीं, त्यानें न्यायाधीशाला काय सांगावें?

उद्रेकापूर्वीं इशारे मिळाले नव्हते असें नाहीं. दक्षिणेंतील जमाबंदीचें काम पाहिलेल्या विंगेट साहेबांनीं १८५२ सालींच सावकार व कूळ यांच्या बिघडत चाललेल्या संबंधांविषयीं सरकारला लिहिलें होतें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें शेतकऱ्यांच्या दैन्याची चौकशी चालविली होती. १८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील कर्डें गांवीं एका सावकारानें गांवच्या देशमुखाविरुद्ध दीडशें रुपयांच्या कर्जापायीं घर सोडण्याचा हुकूमनामा मिळविला, आणि सारें गांव खवळून उठलें. पण तेथें हाणामारी झाली नाहीं. गांवकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांतून माल घेणें बंद केलें. बलुतेदारांनीं त्यांचीं कामें सोडलीं. हा बहिष्कार पुढें शेजारच्या गांवांतून पसरला. सुप्याची आग ही त्या बहिष्काराची पुढची पायरी होती.

येथें एका गोष्टीचें भान ठेवणें इतिहासाच्या दृष्टीनें अवश्य आहे. त्या वेळचा रोष प्रामुख्यानें परप्रांतांतून आलेल्या मारवाडी व गुजर सावकारांवर होता. परंतु दोष एखाद्या जातीचा नव्हता. गांवचा सावकार स्वतः शहरच्या पेढीचा कर्जदार असे. पीक बुडालें तर त्याचाही पैसा अडके. आणि शेतकऱ्याला वेळेवर सारा भरण्यास दुसरें कोणी पैसा देतही नव्हतें. जेथें एकाच पक्षाच्या हातीं वही आहे, दुसऱ्याच्या हातीं पावती नाहीं, आणि न्यायालय केवळ शेवटचा कागद पाहतें, तेथें कोणाच्याही हातून हाच प्रकार घडला असता. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत सावकाराबरोबर कुलकर्णी, कचेरी आणि सरकार यांसही जाब विचारला आहे, तो याच कारणानें.

१८७९ च्या प्रारंभीं वासुदेव बळवंत फडके यांचें बंड झालें आणि त्यांतही सावकारांवर धाडी पडल्या. त्याच वर्षीं वरिष्ठ कायदेमंडळांत थिओडोर होप यांनीं मांडलेलें बिल मंजूर होऊन दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा अस्तित्वांत आला. पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याचें पहिलें क्षेत्र. या कायद्यानें केलेली क्रांति एका वाक्यांत सांगतां येते. रोख्यावर काय लिहिलें आहे एवढेंच न पाहतां, व्यवहाराच्या प्रारंभापासूनचा इतिहास न्यायालयानें तपासावा, असा दंडक त्यानें घातला. मूळ हातीं किती रक्कम पडली, कोणत्या बाबी मुद्दलांत चढविल्या गेल्या, फेड किती झाली, हें सर्व उकलून हिशेब नव्यानें मांडावयाचा होता. मधल्या काळांत कुळानें कबुली दिली असली, नवा रोखा करून दिला असला, तरी ती कबुली त्या हिशेबाच्या आड येऊं शकत नव्हती.

कायद्याचीं दुसरीं कलमें याच धोरणाला पूरक होतीं. प्रतिवादीला बोलावून त्याची जबानी घेण्याचा यत्न न्यायाधीशानें करावा, म्हणजे एकतर्फी हुकूमनाम्यांना आळा बसेल. शेतकऱ्यानें करून द्यावयाचे दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारसमोर व्हावेत. त्यांत मोबदला पुरा नमूद व्हावा आणि पूर्वीचे रोखे असतील तर ते हजर करावेत. कुळानें फेड केली कीं त्याच वेळीं त्याला लेखी पावती मिळावी. वर्षाला हिशेबाचा उतारा मिळावा. मागितल्यास खात्याचें पुस्तक मिळावें. पावती किंवा उतारा नाकारणाऱ्या सावकारास दंडाची शिक्षा होती. कर्जापायीं शेतकऱ्याला कैद करण्याची रीत या कायद्यानें त्याच्यापुरती बंद केली, आणि स्पष्टपणें गहाण न दिलेली जमीन हुकूमनाम्यांत जप्त होऊं नये अशी तरतूद केली.

कायदा छापून झाला म्हणजे काम संपत नाहीं. तो चालविणारीं माणसें लागतात. या कायद्याच्या भाग्यानें त्याला न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्यासारखा अधिकारी लाभला. प्रथम मदतनीस म्हणून आणि १८८७ पासून मुख्य स्पेशल जज्ज म्हणून रानडे यांनीं या कायद्याखालील न्यायालयांच्या तपासणीचें काम केलें. गांवोगांवचे मुन्सफ हिशेब खरोखर उकलतात कीं रोख्यावरील आंकडा तसाच उतरून घेतात, हें पाहणें हें त्या कामाचें मर्म होतें. १८९३ सालीं हायकोर्टांत जाईपर्यंत त्यांचा या प्रश्नाशीं असा रोजचा संबंध राहिला.

तरीही पळवाट निघाली. न्यायालय गहाणखताच्या आंत डोकावूं लागलें, तेव्हां सावकारांनीं गहाणखत लिहून घेणेंच कमी केलें. त्याऐवजीं ते सरळ खरेदीखत करून घेऊं लागले. पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचें वचन तोंडी असे. कागदावर तें नसे. म्हणजे छुपी अट पूर्वीं मुद्दलांत दडत होती, ती आतां विक्रीच्या शब्दाखालीं दडली. यावर उपाय म्हणून १९०७ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन, दस्तऐवजाचें नांव कांहींही असलें तरी व्यवहाराचें खरें स्वरूप तोंडी पुराव्यानें शोधण्याचा अधिकार न्यायालयांस देण्यांत आला. दुसरी अडचण याहून खोल होती. कायद्यानें जुन्या कर्जाचा हिशेब नीट झाला, पण नवें कर्ज कोठून मिळावें? कांहीं सावकारांनीं हात आंखडला, आणि सारा तर भरावयाचाच होता. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं झाला, तो या उणीवेवरचा उपाय होता.

पुढच्या कायद्यांचा प्रवास पाहिला म्हणजे एक सूत्र हातीं लागतें. १९१८ च्या जबर व्याजाच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, व्याज जबर आहे कीं नाहीं हें पाहतांना खर्च, चौकशीची फी, दंड, बक्षिसी, नूतनीकरणाची आकारणी, मग ती रोख असो वा धान्यरूप, हें सारें न्यायालयानें हिशेबांत धरावें. मनोतीला मनोती म्हणा, खर्च म्हणा, कीं नजराणा म्हणा. कायद्याच्या दृष्टीनें तें व्याजाचेंच अंग झालें. १९३१ सालीं हिंदुस्थानच्या मध्यवर्ती बँकिंग चौकशी समितीनें आपल्या अहवालांत सावकारीच्या ज्या कुप्रथा नोंदविल्या, त्यांत आगाऊ व्याज, थैलीची गांठ सोडण्याबद्दल नजराणा, कोऱ्या कागदावर अंगठा, दिल्याहून अधिक रकमेचा रोखा आणि हिशेबांतील फेरफार या सर्वांचा समावेश होता. सुप्याच्या दंग्याला तोंवर छपन्न वर्षें झालीं होतीं. त्यानंतर १९४६ सालीं मुंबई सरकारनें सावकारांचा कायदा केला. परवान्यावांचून सावकारी करण्यास त्यानें बंदी केली, व्याजाला मर्यादा घातली, पावती व वार्षिक हिशेब सक्तीचा केला, आणि कर्जाच्या खर्चापोटीं कुळाकडून वेगळी रक्कम उकळण्यास मनाई केली. महाराष्ट्रांत त्याची जागा पुढें २०१४ च्या कायद्यानें घेतली.

ओसरीची जागा आतां बहुतेक ठिकाणीं बँकेनें, वित्तसंस्थेनें आणि हातांतल्या दूरध्वनीनें घेतली आहे. परंतु प्रश्नाचें रूप ओळखीचें आहे. व्याजाचा दर मोठ्या अक्षरांत सांगावा आणि प्रक्रियेची फी, विम्याचा हप्ता, उशिराचा दंड हीं बारीक अक्षरांत ठेवावीं. कर्जाची रक्कम पुरी लिहावी आणि खात्यांत कापून जमा करावी. ही मनोतीचीच नवी आवृत्ति होय. तिच्यावरचा उपायही जुन्या घराण्यांतला आहे. उशिराबद्दल घेतलेला दंड मुद्दलांत चढवून त्यावर पुन्हां व्याज घेऊं नये, असें रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट १९२३ मध्यें नव्हे, तर सुप्यानंतर जवळजवळ दीडशें वर्षांनीं, ऑगस्ट २०२३ मध्यें फर्माविलें. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदारांना नवें कर्ज देतांना मुख्य बाबींचें एक पत्रक, कर्जदाराला समजेल अशा भाषेंत, देणें तिनें बंधनकारक केलें. सर्व आकारणी मिळवून वर्षाला खरा दर किती पडतो, तो आंकडा त्या पत्रकांत असावा लागतो. आणि त्यांत न दाखविलेली आकारणी कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवांचून पुढें घेतां येत नाहीं.

१८७९ चें वार्षिक उताऱ्याचें कलम आणि २०२४ चें पत्रक यांच्यामध्यें एवढें अंतर असलें, तरी दोहोंची मागणी एकच आहे: हातीं किती पडलें, फेडावयाचें किती, आणि मधला फरक कशाचा, हें घेणाराला आधीं कळावें. मात्र पहिल्या कायद्याच्या इतिहासानें शिकविलेला धडा दुसऱ्यालाही लागू आहे. पावतीचा हक्क कायद्यांत असूनही ती मागण्याचें धैर्य ज्या कुळाला झालें नाहीं, त्याच्या खात्यावरील अंधार तसाच राहिला. आणि जेथें एक वाट बंद झाली, तेथें दुसऱ्या नांवानें नवी वाट निघाली. म्हणून नुसतें कलम पुरत नाहीं. पत्रक वाचणारा कर्जदार, तें समजावून सांगणारा शेजारी आणि हिशेब उकलून पाहणारा न्यायाधीश, हे तिघे मिळून त्या कलमांत जीव भरतात.

सुप्याच्या बाजारांत जे रोखे जळाले, त्यांच्या राखेनें कोणाचें कर्ज कायमचें फिटलें नाहीं. खटले चालले, शिक्षा झाल्या, आणि अनेक घरांतील कर्ते पुरुष तुरुंगांत गेले. त्या शेतकऱ्यांना खरोखर हवी होती ती त्याच कागदाची दुसरी प्रत, त्यांच्या स्वतःच्या घरांत, त्यांना कळेल अशा शब्दांत लिहिलेली. ती त्यांना वेळेवर मिळाली असती, तर १२ मेचा तो बाजार कदाचित् इतर बाजारांसारखाच उठला असता.